भिंतीवरची कपड्यांची मांडणी: सोलापूरच्या घरात स्वतः बसवताना

ड्रिलच्या टोकाखाली लाल भुकटी पडायला लागली की माझा जीव भांड्यात पडतो. लाल म्हणजे भाजलेली वीट. वीट प्लगला (भोकात ठोकायच्या नायलॉनच्या गिट्टीला) धरते, प्लग स्क्रूला, स्क्रू चॅनलला, आणि त्या चॅनलवर घरभराचे कपडे राहतात. भुकटी पांढरी, करडी किंवा पिवळट आली की हात थांबवून विचार करावा लागतो. कपड्यांची मांडणी बसवायचं सगळं काम या चिमूटभर भुकटीवर ठरतं. बहुतेक घरांत मात्र फळीचा रंग कुठला आणि दांडी कुठली यावर आठवडा जातो, आणि भिंतीकडे कुणी बघतही नाही.

मांडणी हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. स्वयंपाकघरात भिंतीला अडकवलेली, ताटं-वाट्या उभ्या लावायची मांडणी आपल्या सगळ्यांच्या घरात होती. कपड्यांचीही तशीच करायची. भिंतीला खाचा असलेल्या उभ्या लोखंडी पट्ट्या (दुकानात त्यांना स्लॉटेड चॅनल म्हणतात), खाचांत अडकवायचे ब्रॅकेट, ब्रॅकेटवर फळ्या आणि फळीखाली हँगरची दांडी. दारं नाहीत, बाजू नाहीत, जमिनीला काही टेकत नाही. जमिनीला टेकत नाही हे आपल्याकडे फार मोलाचं आहे. फरशीच्या सांध्यातून वर आलेली वाळवी लाकडी कपाटाच्या तळाला लागते आणि कपाट आतून पोखरून होईपर्यंत घरच्यांना पत्ता लागत नाही. भिंतीवर टांगलेल्या फळ्यांना वाळवी लागूच शकत नाही असं नाही, पण ती भिंतीवरून मातीची वाट करत चढताना दिसते आणि वेळीच आवरता येते. शिवाय खाली ट्रंक सरकवता येते, लादी पुसता येते, आणि पोरं वाढली की फळ्या वरखाली करता येतात.

अशा मांडण्या मी दोन घरांत बसवल्या. एक जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये आणि एक शुक्रवार पेठेत आत्याच्या जुन्या घरात. आत्याकडची पहिल्या खेपेला टिकली नाही. तिसऱ्या रात्री अडीचच्या सुमाराला धप्प आवाज झाला. सोलापुरी चादरींची चळत, दोन गोधड्या आणि फळी जमिनीवर, आणि भिंतीत मुठीएवढा खड्डा. खाली कुणी झोपलेलं नव्हतं म्हणून निभावलं. खड्ड्यात बोट घातलं तर वर इंचभर चुन्याचं प्लास्टर आणि मागे नुसती पांढरी माती. प्लग मी मातीत ठोकला होता. सकाळी आत्या म्हणाली, "त्या भिंतीत खिळासुद्धा टिकत नाही रे. आमच्या सासऱ्यांनी सगळ्या खुंट्या खांबालाच मारल्यात, बघ की." खरंच, घरातली एकूण एक खुंटी लाकडी खांबावर होती. मी आठवडाभर त्या घरात माप घेत फिरत होतो आणि एवढं मला दिसलं नव्हतं. म्हणून या लेखात भिंतीलाच सगळ्यात जास्त जागा दिली आहे.

आधी भिंत ओळखा

चॅनल जिथे येणार आहे तिथेच, म्हणजे पुढे झाकलं जाईल अशा जागी, एक चाचणीचं भोक पाडा. ६ मिलिमीटरचं बिट (ड्रिलचं टोक) लावा, ड्रिलचा हॅमर (फिरता फिरता ठोके मारायची सोय) बंद ठेवा आणि सावकाश दाब द्या. भोकाच्या खाली लग्नपत्रिकेचं रिकामं पाकीट तोंड उघडं करून टेपने चिकटवा. सगळी भुकटी त्यात पडते, घर घाण होत नाही, आणि रंगही नीट बघता येतो. पहिला अर्धा-पाऊण इंच प्लास्टरच असतं, त्याचा रंग धरू नका. त्याच्या मागून काय येतं ते महत्त्वाचं.

लाल आली तर पुढचा रस्ता सरळ आहे. करडी आली आणि बिट जेमतेम पुढे सरकतंय, तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम लागलाय. तिथे हॅमर चालू करायचा. टणटण असा धातूचा आवाज येऊन बिट अडलं तर आतली सळई आहे. जोर करू नका, इंच-दीड इंच बाजूला दुसरं भोक घ्या. करडी पण विटेसारखीच शिस्तीत येते, ती फ्लाय ॲशची वीट. तिला लाल विटेसारखंच वागवा. मध्येच बिट धपकन आत गेलं तर ब्लॉक पोकळ आहे. साधा प्लग त्यात नुसता गरगर फिरतो. तिथे आत गेल्यावर उमलणारा, पोकळ भिंतीसाठीचा अँकर मागा.

आता जपायच्या भिंती. भुकटी पिठासारखी मऊ, पांढरट-करडी आणि बिट लोण्यात गेल्यासारखं, तर तो एएसी ब्लॉक. होटगी रोड, विजापूर रोड अशा भागांतल्या नव्या अपार्टमेंटमध्ये ही शक्यता धरूनच चला. हा ब्लॉक तयार होताना त्यात हवेचे असंख्य बारीक बुडबुडे राहतात, म्हणून तो हलका आणि उन्हाळ्यात बरा. पण त्याच कारणाने प्लगची पकड कमी. त्यात हॅमर कधीही चालवायचा नाही, भोक भोकासारखं राहत नाही, आतून खरवडलं जातं. एएसीसाठी म्हणून वेगळे लांब, रुंद पंखांचे प्लग मिळतात. पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, ते वाचूनच घ्या. सगळ्यांत खात्रीचा उपाय दोनांपैकी एक. पहिला, केमिकल अँकर: भोक साफ करून त्यात राळ भरायची आणि आटे असलेला रॉड बसवायचा. दुसरा, भिंत चार इंची असेल आणि पलीकडची खोलीही आपलीच असेल तर आरपार बोल्ट घालून मागे दोन इंची चौकोनी पट्टी लावायची. केमिकल अँकरबद्दल सोलापुरात एक सांगावंच लागतं. मे महिन्यात दुपारी ही राळ बघता बघता घट्ट होते आणि नळीच्या तोंडातच जाम होते. भल्या पहाटे काम करा, आणि सगळी भोकं पाडून, साफ करून, रॉड हाताशी ठेवूनच नळी उघडा.

पिवळट-पांढरी माती आली तर तुम्ही आत्याच्या घरात आहात. पांढऱ्या मातीच्या किंवा दगड-मातीच्या दोन-दोन फुटी भिंती बघायला किल्ल्यासारख्या असतात, पण त्या वरून येणारं वजन पेलायला बांधलेल्या आहेत. बाहेर ओढलेला स्क्रू धरून ठेवणं त्यांचं काम नाही. काळी बारीक भुकटी आली आणि बिट तापून निळं पडायला लागलं तर आपला काळा दगड लागला. दगड स्वतः अँकर उत्तम धरतो, पण दोन दगडांमधल्या दरजेत भोक गेलं तर काही उपयोग नाही. आणि दरज प्लास्टरमागे दिसत नाही. शिवाय धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात हॅमरचे हादरे वरच्या मातीपर्यंत पोचतात. वरून माती झडायला लागली की काम बंद करा.

अशा घरात भिंतीला हात न लावता खांबांचा आधार घ्यायचा. आत्याकडे मी शेवटी तेच केलं. दोन सागवानी खांबांमध्ये एक खण रिकामा होता. तीन इंच रुंद, दीड इंच जाड सागाच्या दोन पट्ट्या घेतल्या. एक साडेसहा फुटांवर, एक गुडघ्याएवढ्या उंचीवर, आडव्या, रुंद बाजू उभी ठेवून दोन्ही खांबांना जोडल्या. प्रत्येक टोकाला दोन चार इंची स्क्रू. जुना साग हाडासारखा कडक असतो, आधी ४ मिलिमीटरचं भोक पाडल्याशिवाय स्क्रू फिरवलात तर त्याचं डोकंच तुटतं. मग चॅनल त्या पट्ट्यांवर बसवले. आता सगळं वजन खांबांवर आहे आणि भिंतीला त्याची खबरही नाही.

भिंतीवर तडे असतील तर तेही नीट बघून घ्या. सोलापूरच्या काळ्या मातीवर पाया कमी खोल असेल तर पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. चिरेच्या आरपार आडवी पट्टी बसवू नका आणि चिरेपासून वीतभर अंतरात चॅनल घेऊ नका. भिंत हलली की पहिल्यांदा प्लग सैल होतो.

राहिल्या वायरी आणि पाइप. भिंतीतली वायर सहसा स्विचबोर्डापासून सरळ वर किंवा खाली जाते, किंवा छताजवळून आडवी. प्रत्येक बोर्डाच्या आणि पॉइंटच्या वरखालच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना निदान ६ इंच सोडा. भिंतीच्या मागे न्हाणीघर किंवा स्वयंपाकघराचा ओटा असेल तर ती भिंत सोडलेलीच बरी. नळाचा पाइप कुठल्या वाटेने फिरवलाय हे घर बांधणाऱ्यालाही आठवत नसतं, आणि नळाला आलेलं पाणी भिंतीतून वाहताना बघवत नाही. ड्रिल करताना त्या खोलीचा एमसीबी पाडा आणि ड्रिलसाठी दुसऱ्या खोलीतून वायर ओढून आणा.

कपडे मोजा, वजन करा

आता कपाटातलं सगळं पलंगावर काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण यावरच फळ्यांची अंतरं ठरतात. हँगरला लावलेला शर्ट-कुडता दांडीपासून साधारण ३८ ते ४० इंच खाली येतो. लांब ड्रेस, शेरवानी असेल तर ६० इंचांपर्यंत जागा लागते. म्हणजे एकावर एक दोन दांड्या हव्या असतील तर खालची ४० आणि वरची ८० इंचांवर. पण ८० इंचांवर घरातल्या बायकांचा हात पोचतो का, हे आधी त्यांना उभं करून बघा. आत्याचा पोचत नव्हता, म्हणून तिच्याकडे एकच दांडी, साडेपाच फुटांवर. हँगर भिंतीला घासू नये म्हणून दांडीचा मध्य भिंतीपासून निदान १२ इंच पुढे हवा, आणि वरच्या फळीपासून दोन-अडीच इंच खाली, नाहीतर हँगर काढताना-घालताना फळीला अडतो.

साड्यांचं गणित निराळं. रोजच्या सुती इरकली हँगरवर चालतात. जरीच्या भारी साड्या मात्र हँगरवर महिनोन्‌महिने टांगल्या की स्वतःच्या वजनाने घडीच्या रेघेवर विरायला लागतात. त्यांना सुती फडक्यात गुंडाळून फळीवर आडवं ठेवा आणि अधूनमधून घडी बदला. त्यासाठी दोन फळ्यांत १० इंच पुरतं. चादरी, गोधड्या, दुलया यांना १६ इंच लागतात.

आणि वजन. स्वयंपाकघरातला नाही, बॅग तोलायचा हुकाचा काटा घ्या, कपडे पिशवीत भरून तोला. आमच्या चार सोलापुरी चादरींचं वजन साडेपाच किलो भरलं. बघताना ती नुसती एक छोटी चळत वाटते. घरी आठ-दहा चादरी, चार गोधड्या, पाहुण्यांची अंथरुणं असतील तर एकाच फळीवर पंचवीस-तीस किलो सहज जमतात. त्यात फळीचं स्वतःचं वजन धरायला विसरू नका. १८ मिलिमीटर प्लायची ४० सेंटिमीटर रुंद, आठ फूट लांब फळी साधारण ११-१२ किलो भरते.

इथे थोडं गणित करू, कारण लांब चॅनल का घ्यायचे हे त्यातून लख्ख कळतं. समजा फळीवर ६० किलो आहेत आणि त्यांचा मध्य भिंतीपासून २० सेंटिमीटर पुढे आहे. हे वजन भिंतीला खाली तर ओढतंच, पण वरच्या स्क्रूला बाहेरही ओढतं. हीच फळी सुट्या एल ब्रॅकेटवर बसवली आणि त्यांच्या वरच्या स्क्रूपासून खालच्या टेकूपर्यंत २० सेंटिमीटर अंतर असलं, तर बाहेरची ओढ ६० गुणिले २० भागिले २०, म्हणजे ६० किलो. तेच वजन १८० सेंटिमीटर लांब चॅनलवर टाकलं तर ६० गुणिले २० भागिले १८०, म्हणजे सातच्या आसपास. चॅनल थोडा लवतो, त्यामुळे प्रत्यक्षात फळीजवळच्या दोन-तीन स्क्रूंवर याहून जास्त येतं. तरी फरक केवढा आहे बघा. आत्याकडे कोसळलेली फळी सुट्या ब्रॅकेटवर होती.

सामान

सहा फुटी, दुहेरी खाचांचे चॅनल घ्या. एकेरी खाचांचे ब्रॅकेट डोलतात. दोन चॅनलमधलं अंतर १८ मिलिमीटर प्लायसाठी जास्तीत जास्त २४ इंच, पार्टिकल बोर्ड असेल तर १८ इंच. टोकाला फळी चॅनलच्या बाहेर ६ इंचांपेक्षा जास्त काढू नका. पाच फुटी फळीला म्हणून तीन चॅनल लागतात. दोनांत भागवायचा मोह होतो, पण वर्षभरात फळी मधोमध वाकते आणि वाकलेली फळी परत सरळ होत नाही.

प्लाय घेताना रुंदीचा हिशेब दुकानातच करा. शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे १२२० मिलिमीटर रुंद. ४० सेंटिमीटरचे बरोबर तीन पट्टे निघतात, करवतीची वाट धरून. ४५ सेंटिमीटरचे दोनच निघतात आणि एक फूट पट्टा पडून राहतो. घडीच्या कपड्यांना ४० सेंटिमीटर भरपूर आहेत, त्याखाली १४ इंची ब्रॅकेट बसतो. दांडीच्या वरची फळीही तेवढीच चालते, हँगर थोडे पुढे येतील एवढंच. निजायच्या खोलीसाठी आयएस ३०३ या भारतीय मानकाचा साधा प्लाय पुरे. आयएस ७१० म्हणजे मरिन प्लाय, तो ओल्या जागी. दुकानदार आग्रह करतो, पण तो पैसा इथे चांगल्या चॅनलवर खर्च करा. अख्ख्या लाकडाच्या फळ्या मात्र टाळा. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात त्या आकसतात, पावसाळ्यात फुगतात आणि पिळवटतात. कापलेल्या कडांना पट्टी चिकटवून घ्या. उघड्या कडेची कुसळं साड्यांत अडकतात.

भाजलेल्या विटेसाठी ८ मिलिमीटर जाड, ५० मिलिमीटर लांब नायलॉनचे प्लग (कुणी गिट्टी म्हणतं, कुणी रावळ प्लग) आणि ५ मिलिमीटर जाड, ७५ मिलिमीटर लांब स्क्रू. आपण आज वापरतो तो पसरणारा नायलॉनचा प्लग १९५८ साली जर्मनीच्या आर्टुर फिशर यांनी काढला. स्क्रू आत गेला की प्लगचे दोन भाग फाकतात आणि भोकाच्या बाजूंना दाबून धरतात. म्हणून भोक प्लगच्याच मापाचं हवं. मोठं झालं तर काडी-कागद कोंबून काम भागवू नका, जागा बदला.

याशिवाय हॅमर ड्रिल, ओळंबा, पाणसळ, टेप, पेन्सिल, चष्मा. लांब भिंतीवर पातळी घ्यायला गवंड्याची पारदर्शक पाण्याची नळी छोट्या पाणसळीपेक्षा खात्रीची. फक्त नळीत बुडबुडा राहू देऊ नका.

बसवायचा दिवस

सकाळी सुरू करा. उन्हाचा तडाखाही वाचतो आणि शेजारच्यांची दुपारची झोपही.

चॅनल कापायचे असतील तर सगळे एकाच टोकाकडून कापा आणि दुसऱ्या, न कापलेल्या टोकावर पेन्सिलने "वर" असं लिहा. ही एवढीशी गोष्ट चुकली तर सगळं चुकतं. खाचा वरून मोजून सारख्या याव्या लागतात. एक चॅनल उलटा लागला की ब्रॅकेट अर्ध्या खाचेने वरखाली होतात आणि फळी तिरकी बसते. मग फळीखाली पुठ्ठे कोंबायची वेळ येते.

भिंतीवर वरच्या भोकाची आडवी रेघ मारा. ती पाण्याच्या पातळीने घ्या, छतापासून मोजून घेऊ नका. छत सरळ असतंच असं नाही. पहिल्या चॅनलचं फक्त सगळ्यात वरचं भोक पाडा. बिटला टोकापासून ८० मिलिमीटरवर टेप गुंडाळा, म्हणजे खोली आपोआप कळते आणि चार इंची भिंतीच्या पलीकडे भोक निघत नाही. भोकातली भुकटी सायकलच्या पंपाने फुंकून काढा, तोंडाने फुंकलीत तर सगळी डोळ्यांत जाते. भुकटी आत राहिली की प्लग तिच्यावर घसरतो. मग प्लग हातोडीने हलके ठोकून आत घाला आणि प्लास्टरला समपातळी झाला की थांबू नका. जुना स्क्रू उलटा धरून त्याच्या डोक्याने प्लग प्लास्टरच्या पलीकडे, विटेत सरकवा. प्लास्टरमध्ये फुगलेला प्लग प्लास्टरच फोडतो. माझा पहिला प्लग नेमका असाच प्लास्टर घेऊन बाहेर आला होता.

वरचा स्क्रू तीन चतुर्थांश आवळा आणि चॅनल लोंबकळू द्या. ओळंबा शेजारी सोडा. चॅनल स्वतःच्या वजनाने जवळजवळ सरळ लटकतो, उरलेलं बोटाने सरकवून दोऱ्याशी समांतर करा आणि खालच्या भोकांच्या खुणा घ्या. चॅनल बाजूला फिरवा, भोकं पाडा, परत आणा, स्क्रू घाला. स्क्रू खालून वर न आवळता वरून खाली आवळत या. भिंतीत पोट असेल तर चॅनलमागे पोकळी दिसेल. तिथे सनमायकाचे तुकडे सरकवून मगच आवळा. नुसतं आवळून चॅनल भिंतीला टेकवायला गेलात तर तो वाकतो आणि ब्रॅकेटचे दात खाचेत नीट बसत नाहीत.

दुसरा चॅनल पहिल्याच्या खाचांवरून जुळवायचा. दोन्हीत एकाच क्रमांकाच्या खाचेत ब्रॅकेट अडकवा, वर फळी ठेवा, फळीवर पाणसळ. बुडबुडा मध्ये आला की दुसऱ्या चॅनलच्या वरच्या भोकाची खूण करा. भिंतीवरच्या रेघेपेक्षा ही खूण खरी. बहुतेक वेळा दोन्ही एकच येतात. नाही आल्या तर फळीचं ऐका.

ब्रॅकेट अडकवताना वरून हलका ठोका द्या, "टक" असा आवाज येऊन दात खाली बसले पाहिजेत. फळी ब्रॅकेटला खालून स्क्रूने जोडा. १८ मिलिमीटरच्या फळीला १५ मिलिमीटरचाच स्क्रू, त्याहून लांब घेतलात तर टोक वर येऊन कपडे फाडेल. न जोडलेली फळी पुढच्या कडेवर हात टेकला की उलटते. लहान मुलं असलेल्या घरात तर हे जोडणं टाळूच नका. पोरं खालच्या फळीवर पाय देऊन चढणार हे धरूनच चला आणि सगळ्यात खालच्या फळीवर चादरींसारखं जड सामान ठेवा, म्हणजे त्यांना पाय ठेवायला मोकळी जागाच उरत नाही.

दांडी २५ मिलिमीटरच्या स्टील पाइपची. तीन फुटांपेक्षा लांब असेल तर मध्ये एक आधार द्या. पोकळ पाइपच्या कापलेल्या कडा कानशीने घासून घ्या, त्या सुरीसारख्या असतात.

जिथे एकावर एक दोन दांड्या नाहीत तिथे जमिनीपासून १८ इंच मोकळे सोडा. ट्रंक तिथेच जाते.

ज्वारीचं पोतं

कपडे लावायच्या आधी वजन टाकून बघा. आपल्याकडे यासाठी ज्वारीच्या पोत्यासारखं दुसरं काही नाही. वजन ठाऊक असतं, फळीवर पसरून बसतं आणि पडलं तरी काही फुटत नाही. प्रत्येक चॅनलच्या वरच्या टोकाला भिंतीवर पेन्सिलने बारीक रेघ मारा. फळीवर जेवढं सामान ठेवायचं ठरवलंय त्याच्या दीडपट पोती ठेवा आणि रात्रभर राहू द्या. त्या रात्री त्या खोलीत कुणाला झोपू देऊ नका. सकाळी रेघ आणि चॅनल जागच्या जागी असतील, वरच्या स्क्रूमागे नखही जाणार नाही एवढी पट्टी भिंतीला टेकलेली असेल, तर कपडे लावा. केसभर जरी फट पडली असेल तर तो प्लग काढून नवी जागा शोधा. उद्या ती फट कमी होणार नाही.

उघड्या मांडणीला धूळ लागते, यात शंका नाही. मार्च ते जून खिडकी उघडी ठेवली की संध्याकाळी फळीवर बोटाने नाव लिहिता येतं. पुढे एक पडद्याची दांडी लावून सुती पडदा सोडा. चाटी गल्लीत वारावर जाडसर कापड मिळतं, तेच पुरतं. प्लास्टिकचा पडदा नको, आत कोंदट होतं. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल धरत असेल तर कपडे भिंतीला भिडवून ठेवू नका. चॅनलमुळे फळीमागे जी बोटभर फट राहते ती कपडे कोंबून बुजवू नका, हवा तिथूनच खेळते. पश्चिमेची भिंत संध्याकाळपर्यंत तापलेली राहते. शक्य असेल तर मांडणी आतल्या भिंतीवर घ्या.

एक गोष्ट फक्त आपल्या गावाची. घराशेजारी किंवा खालच्या मजल्यावर माग चालत असतील तर भिंत दिवसभर बारीक थरथरत असते. माणसांना त्याची सवय होते, स्क्रूला होत नाही. अशा घरात प्रत्येक स्क्रूखाली स्प्रिंग वॉशर घाला आणि पहिल्या वर्षी दर दोन महिन्यांनी सगळे स्क्रू हाताने आवळून बघा. हाताने म्हणजे हातानेच. ड्रिलने आवळलात तर प्लग आतल्या आत फिरतो आणि भोक मोठं होतं. आत्याकडे माग नाही, तरी गड्ड्याची जत्रा आणि दसरा अशा दोन खेपांना मी स्क्रू ड्रायव्हर घेऊन जातो. गेल्या जानेवारीत खालच्या पट्टीतला एक स्क्रू पाव फेरा फिरला. बाकी सगळे जागच्या जागी होते.